जुलाबाचं खरं औषध नळातून येतं



या ब्लॉगवर मी एरवी आजार, तपासण्या आणि औषधं समजावून सांगतो. आजही जुलाब आणि काविळीबद्दलच लिहिणार आहे. पण हा लेख वाचून झाल्यावर तुम्ही नुसती काळजी घ्यावी, एवढंच मला नको आहे. तुम्ही थोडं चिडावं आणि मग काहीतरी मागावं, असं मला वाटतं.

माझा दवाखाना घणसोली गावात आहे. नोडमध्ये नाही, गावात. ज्यांनी गाव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकून उभं राहावं लागेल अशा गल्ल्या, आणि दोन्ही बाजूंना एकमेकींना चिकटलेल्या चार-पाच मजली इमारती. एकेका मजल्यावर सहा-आठ खोल्या. त्यात राहणारी माणसं महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत, तुर्भ्याच्या मार्केटात, नाक्यावर किंवा नोडमधल्या सोसायट्यांत धुणीभांडी करायला जातात. पाऊस सुरू झाला की यांतली निम्मी माणसं आळीपाळीने माझ्याकडे येतात.

खरं सांगायचं तर जून ते सप्टेंबर हा आम्हा डॉक्टर मंडळींचा सीझन असतो. उलट्या, जुलाब, टायफॉइड, कावीळ. आंबेवाल्याचा मे महिना असतो तसा. ही गोष्ट लाजेने सांगायची आहे, म्हणूनच आधी सांगून टाकली.

एकाच जिन्यावरचे सात जण

एका पावसाळ्यात चार दिवसांत एकाच इमारतीतले सात जण आले. पहिल्या दोघांना मी विचारलं, "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" दोघं नाही म्हणाले. तिसरी एक आई होती, कडेवर दीड वर्षाचं मूल. डोळे खोल गेलेले, तोंड कोरडं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाणारी. ती म्हणाली, "डॉक्टर, हा तर अजून वरचं फारसं खातच नाही. पाणी आणि दूध." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पत्ता विचारला. पुढच्या चौघांनाही विचारला. जिना एकच होता.

महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवलं. माणसं आली, टाकीच्या पाण्यात क्लोरीन तपासलं. रंगच आला नाही, म्हणजे क्लोरीन शून्य. इमारतीची जमिनीखालची टाकी आणि सांडपाण्याचं चेंबर यांच्यामध्ये जेमतेम हातभर अंतर होतं. टाकी उपसली, घासली, क्लोरीन टाकलं. आठवड्याभरात त्या जिन्यावरचे जुलाब थांबले.

मी त्या सात जणांना जे औषध दिलं, त्याने सात माणसं बरी झाली. टाकी धुतली, त्याने अख्खी इमारत बरी झाली. कोणतं औषध मोठं, ते तुम्हीच ठरवा.

धरणातलं चांगलं पाणी ग्लासात येईपर्यंत बिघडतं कसं?

नवी मुंबई हे पाण्याच्या बाबतीत नशीबवान शहर आहे. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. असं स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात अगदी मोजक्या. भोकरपाड्याच्या केंद्रात ते पाणी शुद्ध होतं, आणि त्या केंद्राची क्षमता दिवसाला 450 दशलक्ष लिटर आहे. 2022 च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात तिसरं आलं. म्हणजे इथे प्रश्न दुष्काळाचा नाही आणि तंत्रज्ञानाचाही नाही. घोटाळा होतो तो शेवटच्या दोनशे फुटांत.

पहिलं कारण, ठरावीक वेळेचं पाणी. पाइपात चोवीस तास दाब असेल तर गळतीतून पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ निर्माण होते. शेजारून गटार वाहत असेल तर त्याच फटीतून गटार आत येतं. पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे गढूळ येतं ना, ते हेच.

दुसरं कारण, थेट लाइनला लावलेली मोटर. दाब कमी म्हणून एक जण मोटर लावतो, मग शेजाऱ्याला पाणी येत नाही म्हणून तोही लावतो. या मोटरी पाण्याबरोबर आजूबाजूची घाणही ओढतात.

तिसरं कारण, साठवण. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मग खोलीतला निळा ड्रम, मग हंडा. प्रत्येक टप्प्यावर क्लोरीन उडत जातो आणि हात बुडत जातात. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 10500) नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतला जंतू एकही सापडता कामा नये. "पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतंय" या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

आणि त्याच निळ्या ड्रमात एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पाणी रोज येत नाही म्हणून ड्रम, ड्रम म्हणून डास, डास म्हणून डेंगी. एका त्रुटीतून दोन आजार.

उपाय सोपा आहे, म्हणूनच राग येतो

जुलाबाने माणूस मरतो तो जंतूमुळे कमी आणि अंगातलं पाणी व क्षार निघून गेल्यामुळे जास्त. आतड्याची एक गंमत आहे. जुलाब चालू असतानाही साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र गेलं तर आतडं ते शोषून घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषलं जातं. यावरच ओआरएस उभं आहे. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हाती दिलं आणि पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं.

तेव्हा लक्षात ठेवा:

• जुलाब सुरू झाल्याबरोबर ओआरएस. एक पाकीट, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या ग्लासात असा अंदाजपंचे हिशेब नको.
• लहान मुलांना झिंक 14 दिवस. सहा महिन्यांवरील बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला 10 मिलिग्रॅम.
• अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका.
• लघवी कमी होणं, मूल सुस्त पडणं, शौचातून रक्त, पाणीही न टिकणं, यांतलं काही दिसलं तर घरी थांबू नका.
• दर जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही. डॉक्टरांकडून ते मागून घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलं तर "कशासाठी?" असं विचारा. मला विचारलंत तरी चालेल.

इतका साधा उपाय हाताशी असताना आजही गरीब देशांत पाच वर्षांखालची मुलं जुलाबाने दगावतात. यात विज्ञान कमी पडलेलं नाही. विज्ञानाने आपलं काम 1971 सालीच केलं.

जी मला विसरता येत नाही

आता एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सातवा महिना लागलेली एक मुलगी आली, वय जेमतेम बावीस. मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, डोळे पिवळे. नवरा माथाडी. तपासणीत हेपॅटायटिस ई निघाला. ही कावीळ दूषित पाण्यातून होते. तुम्हाला-मला झाली तर बहुतेक वेळा पथ्य आणि विश्रांतीवर चार-सहा आठवड्यांत उतरते. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी, म्हणून ठळकपणे लिहितोय: गरोदर बाईची कावीळ घरगुती उपचारांवर, मंत्र-माळेवर एक दिवसही काढायची नसते.

तिला मी तातडीने भरती व्हायला सांगितलं. जवळच्या एका खासगी रुग्णालयात नवऱ्याकडे आधी अनामत रक्कम मागितली गेली. त्याच्याकडे नव्हती. तो मुकादमाकडे गेला, मग गाववाल्यांकडे. पैसे गोळा होईपर्यंत रात्र गेली. शेवटी एका सरकारी रुग्णालयात तिला घेतलं. ती वाचली. बाळ गेलं.

हेपॅटायटिस ईचे जंतू पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे तिने कुठलं पाणी प्यायल्याने हे झालं, ते पाणी केव्हाच वाहून गेलं होतं. टाकी तपासून काही सिद्ध झालं नसतं. पुरावा नाही, म्हणून कोणी जबाबदार नाही. मृत्यूच्या नोंदीत पाण्याचं नाव कुठेच आलं नाही. गरिबांचे पाण्याने झालेले मृत्यू असेच निनावी राहतात.

या गोष्टीत दोन कुलपं आहेत. एक नळाला, एक रुग्णालयाच्या दाराला. दोन्हींची किल्ली पैसा आणि कागद. माझं म्हणणं इतकंच आहे की ही कुलपंच बेकायदा आहेत.

हे उपकार नाहीत

आपल्याकडे पाणी आणि दवाखाना ही नेत्यांनी द्यायची भेट समजली जाते. टँकरवर नाव, आरोग्य शिबिराच्या फलकावर फोटो. आपण हात जोडून घेतो. पण कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम 21 जगण्याचा हक्क देतं. 1991 साली सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रदूषणमुक्त पाणी हा त्याच हक्काचा भाग आहे. कलम 47 म्हणतं, सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये पाणीपुरवठा महापालिकेच्या बंधनकारक कामांत मोडतो. 28 जुलै 2010 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क म्हणून मान्य केला. बाजूने 122 देश, विरोधात एकही नाही, 41 तटस्थ. भारताने बाजूने मत दिलं.

पण आपल्याला हे शिकायला न्यूयॉर्कला जायची गरजच नव्हती. शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला, हे आधीच घडलं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 सालीच केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. कागदावर हक्क होता. पाणी मात्र कोणालाच मिळत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, खटले चालले. उच्च न्यायालयाचा निकाल हाती यायला 1937 उजाडलं.

महाडचा धडा मी एक डॉक्टर म्हणून असा वाचतो: ठरावाने तहान भागत नाही. हक्क वापरायला माणसं तळ्यापर्यंत चालत जावी लागतात.

"पण ती बांधकामं बेकायदा आहेत ना?"

हा प्रश्न मला नोडमधले सुशिक्षित पेशंट हमखास विचारतात. त्यांना सरळ उत्तर देतो.

2014 च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयात पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल आला. न्या. अभय ओक आणि न्या. अ. स. गडकरी यांच्या खंडपीठाने सांगितलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाचं पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही. जगण्याच्या हक्कात पाणी येतं. पाणी दिल्याने बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. तेव्हा "पाणी दिलं की अतिक्रमण पक्कं होतं" ही सबब तिथेच संपली. पुढे 2022 मध्ये मुंबई महापालिकेने "सर्वांसाठी पाणी" हे धोरण आणलं.

त्या निकालात एक गोष्ट मला खटकते, तीही सांगतो. बेकायदा घरात राहणाऱ्याला कायदेशीर घरातल्या माणसाच्या बरोबरीने पाणी मागता येणार नाही, त्याला जास्त दर लावता येईल, असंही न्यायालय म्हणालं. कायद्याच्या नजरेतून ते बसत असेल. पण आतड्याच्या नजरेतून बसत नाही. कॉलऱ्याचा जंतू भोगवटा प्रमाणपत्र बघत नाही. त्या खोलीत राहणारी बाई सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. तिच्या घरात हात धुवायला पाणी नसेल, तर तुमच्या डायनिंग टेबलावरचा आरओ तुम्हाला वाचवणार नाही.

आणि घणसोलीत "बेकायदा" हा शब्द जरा जपून वापरा. 1970 नंतर नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे-रायगडमधल्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. 1984 च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. दि. बा. पाटलांनी लढून साडेबारा टक्के भूखंडाचं तत्त्व मिळवलं. पण गावठाणाच्या भोवती वाढलेली पोरंबाळं राहणार कुठे? म्हणून "गरजेपोटी बांधलेली घरं" हा शब्द इथे जन्माला आला. शेती गेलेल्या आगरी माणसाने खोल्या बांधून भाड्याने दिल्या, कारण पोट भरायला तेवढंच उरलं होतं. ज्यांच्या जमिनीवर हे आखीव शहर उभं राहिलं, त्यांच्याच घरांना ते शहर बेकायदा म्हणतं. माझा मुद्दा फक्त एवढा की घराच्या कागदाचा निकाल लागायला चाळीस वर्षं लागली तरी लागोत. तहानेला चाळीस तासही थांबता येत नाही.

घरमालकांनाही मला बोलायचं आहे, कारण तुम्हीही माझेच पेशंट आहात. भाऊ, काका, एका जोडणीवर वीस खोल्या चालवायच्या, टाकी वर्षानुवर्षं उघडायची नाही आणि भाडं मात्र पाच तारखेला घ्यायचं, हे बरोबर नाही. तुमच्यावर अन्याय झाला, मान्य. तो भाडेकरूच्या लेकराच्या पोटात उतरवू नका.

"फुकट किती दिवस द्यायचं?"

पाणी फुकटच द्या असं मी म्हणतच नाहीये. माझे बहुतेक पेशंट पाण्याला तुमच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. वीस लिटरचा जार विकत, टँकर आला नाही की बाटल्या विकत, आणि त्यावर आजारपणाचं बिल. त्या जारवर आयएसआयची खूण नसेल तर आत काय आहे, हे मलाही सांगता येणार नाही. शिवाय बुडालेली मजुरी कोणत्याच बिलात येत नाही. वाजवी दर घ्या, पण परवडत नाही म्हणून नळ तोडू नका.

किती पाणी म्हणजे पुरेसं? सांडपाण्याची सोय असलेल्या शहरांसाठी आपल्याकडचं मानक माणशी दिवसाला 135 लिटरचं आहे. जलजीवन मिशनने खेड्यांसाठी 55 लिटर धरले आहेत. वीस लिटरच्या आसपास पाणी असेल तर पिणं आणि स्वयंपाक कसाबसा होतो. अंघोळ, कपडे, शौचालय यांत काटकसर सुरू होते. आणि काटकसर आधी बाईच करते. दिवसभर लघवीला जावं लागू नये म्हणून कमी पाणी पिणाऱ्या किती बायका माझ्याकडे लघवीच्या जंतुसंसर्गाने आणि मुतखड्याने येतात, ते ऐकाल तर थक्क व्हाल.

हक्क लिहून ठेवला की काम झालं, असंही समजू नका. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यघटनेत पुरेशा पाण्याचा आणि आरोग्यसेवेचा हक्क स्पष्ट शब्दांत आहे, कलम 27 मध्ये. तरी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधल्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर बसले. माणशी 25 लिटरच्या हिशेबाने मोफत कोटा, तो संपला की पैसे भरेपर्यंत नळ बंद. तिथल्या बायका कोर्टात गेल्या. खालच्या न्यायालयाने 50 लिटर मान्य केले, पण 2009 साली घटनात्मक न्यायालयाने सरकारचं धोरण वाजवी ठरवलं. उत्तम घटना असूनही आकडा कोण ठरवणार हे महत्त्वाचं ठरलं. तो आकडा पाणी भरणाऱ्या माणसांनी ठरवायला हवा.

दुसरं कुलूप: रुग्णालयाचं दार

त्या मुलीच्या नवऱ्याला जे माहीत नव्हतं, ते तुम्हाला माहीत असू द्या.

1992 साली बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार. कलकत्त्याची सरकारी रुग्णालयं एकामागून एक "बेड नाही" म्हणत गेली. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात खर्च करावा लागला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25,000 रुपये भरपाई दिली आणि सांगितलं की तातडीचा उपचार न देणं हा कलम 21 चा भंग आहे. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही. त्याआधी 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने बजावलं होतं की जखमीचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे.

महाराष्ट्रात धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. निर्धन रुग्णाकडून भरतीच्या वेळी अनामत रक्कम मागता येत नाही. खासगी रुग्णालयांना 2021 च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत यादीतल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले.

हे सगळं चांगलंच आहे. पण योजना आणि हक्क यांत फरक आहे. योजना यादीत नाव असेल तर मिळते, आणि बहुतेक वेळा भरती झाल्यावर मिळते. हक्क मात्र दारात उभं राहिल्याबरोबर मिळायला हवा. राजस्थानने 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. त्याविरुद्ध माझ्याच पेशातले लोक रस्त्यावर उतरले. खासगी डॉक्टरला पैसे कोण आणि कधी देणार, ही त्यांची शंका खरीच होती. पण तिचं उत्तर "सरकारने वेळेवर पैसे द्यावेत" हे आहे. "हक्कच नको" हे नाही. महाराष्ट्रातही असा कायदा हवा.

देशात आरोग्यावर जो एकूण खर्च होतो, त्यातला 2013-14 मध्ये 64 टक्के लोकांच्या खिशातून जात होता. 2021-22 मध्ये तो 39 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, नाकारत नाही. तरी शंभरातले जवळपास चाळीस रुपये आजारी माणूस स्वतः भरतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22 चा आकडा होता 1.84.

तुम्ही काय करायचं?

उपदेश पुष्कळ झाला. आता कामाचं.

1. पावसाळ्यात पिण्याचं पाणी उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावरच्या मापाने, आणि अर्धा तास थांबून प्या. ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करा.

2. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, हे मालकाला विचारा. एकट्याने विचारू नका, जिन्यावरच्या सगळ्यांनी मिळून विचारा. एकट्याला खोली खाली करायला सांगतात, वीस जणांना सांगत नाहीत.

3. एकाच इमारतीत दोन-तीन घरांत जुलाब किंवा कावीळ दिसली तर आरोग्य केंद्राला कळवा. पाण्याचा नमुना तपासायला सांगा आणि अहवाल लेखी मागा. नोंद झाली नाही तर साथ झालीच नाही असं समजतात.

4. नळजोडणीचा अर्ज लेखी करा, पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 आणि माहितीचा अधिकार हे दोन्ही कायदे याचसाठी आहेत. माहिती अर्जात विचारा: आमच्या भागातले गेल्या वर्षभरातले पाण्याचे नमुने किती, अयोग्य किती, आणि अयोग्य निघाल्यावर काय केलं? उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

5. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे साधारण 50,000 लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र हवं. भाड्याने राहणारी माणसं त्या मोजणीत धरली आहेत का, हे मत मागायला येणाऱ्याला विचारा. मंडप आणि भंडारा याबद्दल नंतर बोला.

6. आणि नोडमधल्या वाचकांनो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगच्या आधी पाच मिनिटं हा विषय काढा. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींच्या घरी पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या विचारा.

माझ्या पेशातल्या मित्रांनाही एक विनंती. जुलाबाच्या पेशंटचा पत्ता केसपेपरवर नीट लिहा. दुसऱ्या पेशंटचा पत्ता तोच निघाला तर औषध लिहून थांबू नका, फोन उचला. आपला सीझन बुडेल. बुडू दे.

ते दीड वर्षाचं मूल आता शाळेत जातं. त्याची आई परवा सर्दीसाठी आली होती. खोली बदलली आहे, इमारत दुसरी आहे. मी सवयीने विचारलं, "तिथली टाकी कधी धुतली?" ती म्हणाली, "रमजान-गणपतीच्या आधी धुवायची, असं आम्ही बायकांनीच ठरवलंय. मालक आधी कुरकुरला, मग त्यानेच माणूस पाठवला."

कायदा, कलम, निकाल हे सगळं मी वर लिहिलं. त्या बाईने यांतलं काही वाचलेलं नाही. पण पाणी मागून घ्यायचं असतं, एवढं तिला कळलंय. आता तुमची पाळी.